बोट चोरीला जाऊ नये म्हणून काय करायचं, आणि गेलीच तर परत कशी मिळवायची?

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण फार्महाऊसवाल्यांच्या सामानाची चोरी हा विषय घेतला होता. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, आमच्याकडे दोन कयाक आणि एक हवेची बोट आहे, त्याचं काय?" व्हिडिओत वेळ कमी पडतो, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आधी एक गैरसमज काढू. बोटचोरी म्हणजे अलिबाग-मुरुडचा विषय, आपल्या कर्जत-खालापूरला समुद्रच कुठे आहे, असं आपल्याला वाटतं. पण आपल्याकडे उल्हास आहे, पेज आहे, पाताळगंगा आहे. नदीकाठच्या फार्महाऊसवर पाहुण्यांसाठी कयाक आहेत. काहींनी मागे मोटर लावायची बोटही घेतली आहे. हा तुमच्या धंद्याचा माल आहे. दुकानातल्या मालाला आपण कुलूप लावतो, आणि लाखाची मोटर मात्र रात्रभर नदीकाठी उघडी सोडतो!

माझी चूक आधी सांगतो

माझं कर्जतला हार्डवेअरचं दुकान आहे. काही वर्षांपूर्वी जोडधंदा म्हणून मी एक हवेची बोट घेतली आणि पेज नदीकाठच्या एका फार्महाऊसवर भाड्याने ठेवली. एका सोमवारी सकाळी फोन आला, "शेठ, बोट नाही जागेवर."

मी गेलो. खुंट नाही, दोरी नाही, बोट नाही. रात्रीचा राखणदार जवळच्याच वाडीवरचा होता. मी त्याला चार लोकांसमोर नको ते बोललो. तक्रार देताना संशयित म्हणून त्याचंच नाव सांगितलं. बिचारा अर्धा दिवस ठाण्यात बसून होता.

तिसऱ्या दिवशी खाली मासे धरायला गेलेल्या पोरांना बोट सापडली. करंजाच्या फांद्यांत अडकलेली, दोरी तशीच, आणि दोरीला माझा खुंटही तसाच! चोरी झालीच नव्हती. भिवपुरीच्या टाटांच्या वीजगृहातून सुटलेलं पाणी पेजेला येतं. पाणी वाढलं, काठची माती भिजली, आणि दीड फुटाचा खुंट उपटून बोट वाहून गेली. खुंट मी स्वतः ठोकला होता.

मी ठाण्यात जाऊन लेखी जबाब दिला आणि वाडीवर जाऊन माफी मागितली. तो म्हणाला, "ठीक आहे शेठ." पण कामावर परत आला नाही. बोट मिळाली, माणूस गेला. म्हणून पहिला नियम लक्षात ठेवा: बोट दिसत नाही म्हणजे ती चोरीलाच गेली असं नाही. आधी पाणी बघा, मग माणूस.

सोडलेली बोट किती लांब जाते, याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. १८ ऑगस्ट २०२२ रोजी श्रीवर्धन तालुक्यात हरिहरेश्वरला एक बेवारस बोट सापडली. त्यात तीन एके-४७ रायफली निघाल्या आणि राज्यभर खळबळ उडाली. ही 'लेडी हान' नावाची, सुमारे १६ मीटर लांबीची बोट मस्कतहून युरोपकडे निघाली होती. जूनमध्ये तिचं इंजिन बंद पडलं, माणसांची सुटका झाली, आणि रिकामी बोट वाहत कोकण किनाऱ्याला लागली. बोट कोणाची हे त्याच दिवशी विधानसभेत सांगता आलं, कारण बोटीला नाव होतं आणि मालकीची नोंद होती.

चोरी होऊ नये म्हणून

१. मोटर काढून आत ठेवा. चोराला अख्खी बोट नेणं अवघड, मोटर नेणं सोपं. दोन स्क्रू सैल केले की ती खांद्यावर येते. रोज संध्याकाळी मोटर काढून खोलीत ठेवा. काढणं शक्य नसेल तर दोन्ही स्क्रूच्या दांड्यांवर बसणारं खास लॉक मिळतं, ते लावा. मोटर बंद करायची लाल दोरी आणि पेट्रोलची नळी बोटीत ठेवू नका.

२. दोरी बांधायला असते, राखायला नाही. कोयत्याच्या एका घावात दोरी तुटते. बोट काठावर वर ओढा, उलटी करा आणि जाड साखळीने पक्क्या झाडाला किंवा काँक्रीटमध्ये बसवलेल्या कडीला बांधा. कयाकला पाणी निचरायची आरपार भोकं असतील, तर त्यातून तारेचा दोर ओवून सगळ्या कयाक एकत्र कुलूपबंद करा. हवेची बोट असेल तर हवा काढून आत न्या.

३. बोटीवर स्वतःची खूण करा. नाव आणि मोबाइल नंबर बाहेर मोठ्या अक्षरांत रंगवा. शिवाय एक छुपी खूण ठेवा, बाकड्याच्या खाली किंवा आतल्या कडेला कोरलेली. बाहेरचा रंग चोर खरवडतो, आतली खूण त्याला माहीत नसते.

४. नंबर लिहून ठेवा. कंपनीच्या बोटीला मागच्या बाजूला हल नंबर असतो, मोटरला तिच्या बैठकीवर सीरियल नंबर असतो. दोन्हींचे फोटो, जीएसटी बिल आणि बोटीचे चारही बाजूंचे फोटो ईमेलवर ठेवा. फक्त मोबाइलमध्ये नको, मोबाइलही हरवतो.

या नंबरची ताकद किती? २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात अतिरेक्यांनी पोरबंदरची 'कुबेर' ही मासेमारी बोट पळवली आणि शेवटच्या टप्प्यात हवेच्या डिंगीतून ते बधवार पार्कजवळ उतरले. त्या डिंगीच्या यामाहा इंजिनाच्या नंबरवरून, ते जपानमध्ये बनून पाकिस्तानात गेल्याचा माग तपासयंत्रणांना लागला. एका नंबरने एवढं होतं, तर आपला नंबर आपल्याकडे नको का?

५. नोंदणी आणि विमा करा. इनलँड व्हेसल्स ॲक्ट २०२१ प्रमाणे यंत्रावर चालणाऱ्या अंतर्गत जलवाहनाला नोंदणी लागते. तुमच्या बोटीला काय लागू होतं ते महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाकडे विचारा. विमा घेताना "चोरी आणि वाहून जाणं, दोन्ही कव्हर आहे का? मोटर वेगळी धरली आहे का?" हे दोन प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

६. रजिस्टर ठेवा. संध्याकाळी बोट कोणी मोजली, साखळी कोणी लावली, किल्ली कोणाकडे दिली, तारीख आणि सही. दोन मिनिटांचं काम आहे. माझ्याकडे हे रजिस्टर असतं, तर त्या राखणदाराने साखळी लावल्याची नोंद दिसली असती आणि मी तोंड उघडण्याआधी विचार केला असता. रजिस्टर चोर पकडायला तर लागतंच, पण निर्दोष माणूस वाचवायलाही लागतं.

७. ट्रॅकर हवा असेल तर सिमकार्डवाला जीपीएस घ्या. ब्लूटूथचा टॅग जवळपास कोणाचा तरी फोन असेल तरच ठिकाण सांगतो. रानात त्याचा भरवसा धरू नका.

गेलीच तर

पहिला तास: नदीच्या खालच्या अंगाला दोन्ही काठांनी माणसं पाठवा. पूल, बंधारे, वाकलेली झाडं बघा. खालच्या गावांतल्या ओळखीच्यांना फोन करा. दरम्यान जागेला हात लावू नका. तुटलेली साखळी, टायरचे ठसे, ओढल्याच्या खुणा, सगळ्याचे फोटो घ्या. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग लगेच कॉपी करा, काही दिवसांनी त्यावर नवं रेकॉर्डिंग चढतं.

त्याच दिवशी: ११२ ला फोन करा किंवा ठाण्यात जा. नेरळ, कर्जत, खालापूर, खोपोली, हद्द कोणाची यावर अडू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी माहिती नोंदवता येते, आणि एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते. ऑनलाइन माहिती दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. नोंद घेतलीच नाही, तर अलिबागला पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज पाठवता येतो.

तक्रारीत बोट आणि मोटर वेगवेगळ्या लिहा, दोन्हींचे नंबर, किंमत आणि छुपी खूण द्या. चोरीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३ आहे. बोट प्रवासी वाहतुकीला वापरत असाल तर कलम ३०५ लागू होतं का, तेही विचारा. त्यात शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. आणि संशयिताचं नाव पुरावा असेल तरच घ्या. हे मी अनुभवाने सांगतोय.

विमा कंपनीला त्याच दिवशी ईमेल करा. तपास लागला नाही तर पोलीस 'अ' समरी पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा पण शोध लागला नाही. क्लेमसाठी तो कागद मागितला जाऊ शकतो.

पुढचे आठवडे: पनवेल, उरण, अलिबागकडच्या मोटर मेकॅनिकांना नंबर पाठवा. चोरीची मोटर कधीतरी दुरुस्तीला येतेच. जुन्या वस्तूंच्या ॲपवर शोधत राहा. आपली बोट दिसली तर हिरोगिरी करून एकटे जाऊ नका. स्क्रीनशॉट घ्या आणि तपास अधिकाऱ्याला द्या.

सापडल्यावर: बोट आता 'मुद्देमाल' असते, ती लगेच घरी नेता येत नाही. पंचनामा होतो, तुम्ही ओळख पटवता, मग कर्जत किंवा खालापूरच्या न्यायालयात ताबा मिळण्यासाठी अर्ज करायचा. पूर्वी सीआरपीसीचं कलम ४५१ होतं, आता बीएनएसएसचं ४९७ आहे. बिल, नंबर आणि नोंदणी जोडा. न्यायालय बंधपत्र घेऊन बोट देतं. खटला संपेपर्यंत ती विकायची नाही, रंग बदलायचा नाही. वकील उशीर करत असेल तर मागे लागा, कारण उन्हात पडलेली रबराची बोट कुजते.

आणि स्वस्तात जुनी मोटर घेणाऱ्यांनो, नंबर घासलेला असेल तर हात जोडा आणि निघा. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हाही गुन्हा आहे.

आज संध्याकाळचं काम सांगतो: बोटीजवळ जा, नंबरचा फोटो काढा, खुंट हलवून बघा. हलला तर काँक्रीट करा. काही अडलं तर कमेंटमध्ये विचारा. भेटू पुढच्या व्हिडिओत.