पावडर, बर्फ आणि एक स्ट्रायकर

डहाणू रोडला पाऊस लागला की आमचा कॅरम बोर्ड रुसतो. समुद्र हाकेवर, हवा दमट. बोरिक पावडरच्या गुठळ्या होतात आणि स्ट्रायकर निम्म्यातच बसकण मारतो. म्हणून वरचा पिवळा बल्ब तासभर आधी लावून ठेवतो. विजेचं बिल मी भरतो, हरतोही मीच.

समोर बसते शेजारची कॉलेजकन्या. तिचा खेळ पाहावा तो खेळ सुरू होण्याआधी. जुन्या ओढणीच्या तुकड्याने ती बोर्ड कोपऱ्यांपर्यंत पुसते, चिमूटभर पावडर टाकते, मग रिकाम्या बोर्डावर स्ट्रायकर सरळ सोडते आणि तो आपटून कुठे परततो ते बघते. “काका, डावीकडे ओढतोय,” एवढंच म्हणते. पुढचा तासभर तिचा प्रत्येक कट केसभर उजवीकडे असतो.

एकदा तिला मोबाईलवर कर्लिंग दाखवलं, बर्फावर दगड सरकवायचा खेळ. २०२२चं बीजिंग ऑलिंपिक, महिलांचा अंतिम सामना. स्कॉटलंडच्या ईव्ह म्युअरहेडच्या ब्रिटिश संघाने जपानला १०-३ हरवलं, तो. चार वर्षांपूर्वी याच जपानविरुद्ध म्युअरहेडचा शेवटचा दगड चुकला होता आणि कांस्यपदक गेलं होतं. त्याआधी २०१३मध्ये ती जगज्जेती झालेली, २०१४मध्ये ऑलिंपिक कांस्य घेतलेलं. सोन्यापर्यंत पोचायला चौथं ऑलिंपिक उजाडलं. आमच्या कॉलेजकन्येचं लक्ष मात्र बर्फाकडे. सामन्याआधी त्यावर पाण्याचे थेंब शिंपडून दाणे गोठवतात, दगड त्यांवरून सरकतो. “ही तर पावडरच!” ती म्हणाली.

फरक आहेच. तिकडे वीसेक किलोचा दगड हातून सुटल्यावरही पुढे झाडू घासून त्याची वाट थोडी वळवता येते. इकडे बोट सुटलं की संपलं. खुर्ची हलवायची नाही, उठायचं नाही. माझ्या मते कॅरम जास्त निर्दयी. तरी चेन्नईच्या रिक्षाचालकाच्या मुलीने, काझिमाने, २०२४मध्ये अमेरिकेतल्या वर्ल्ड कपमध्ये तीन सुवर्णपदकं मिळवली, तेव्हा आमच्या नाक्यावर कुणाला पत्ता नव्हता.

रविवारी हिची दादरला स्पर्धा आहे. पहाटेची लोकल. बोर्ड तिथला, बल्ब तिथला, पावडरही तिथलीच. इथून नेता येतो तो फक्त स्ट्रायकर, वजन १५ ग्रॅम. तो तिने रुमालात गुंडाळून ठेवलाय.