शॉकअप विकत घेण्याआधी गाडीचं वजन करा!

व्हिडिओत आपण मशीन खरेदीबद्दल बोललो. आज तोच मुद्दा एका वेगळ्या उदाहरणातून बघू : घरी बनवलेली स्पोर्ट्‌स कार.

इंग्लंडमध्ये हा छंद जुना आहे. कॉलिन चॅपमन यांची लोटस सेव्हन १९५७ साली आली. ती सुट्या भागांतही मिळायची आणि लोक ती घरी जोडायचे. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांचं पुस्तक आलं आणि जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे भाग वापरून तशीच गाडी शेडमध्ये बनवायची लाट आली. चौकोनी पाइपची चेसिस, वर पातळ पत्रा. गाडी एकदम हलकी.

आता हिला शॉकअप कोणते लावायचे? इथे दोन चुका होतात. एक, जुन्या गाडीचेच काढून लावायचे. दोन, रेसवाल्यांनी लावलेत म्हणून महागडे, कडक घ्यायचे. दोन्ही वेळा शॉकअप दुसऱ्याच गाडीच्या वजनासाठी बनलेला असतो. हलक्या गाडीला तो फार कडक पडला, की खड्ड्यावर चाक रस्ता सोडतं. चाक हवेत असताना ब्रेकही लागत नाही आणि स्टिअरिंगही ऐकत नाही. म्हणजे पैसे तर जातातच, जीवही धोक्यात.

मग करायचं काय? आधी मोजायचं.

१. वजन : चालवणाऱ्याला बसवून प्रत्येक चाकाखालचं वजन घ्या. समजा मागच्या एका चाकावर १६० किलो आले. त्यातले चाक, ब्रेक वगैरेचे ३० किलो स्प्रिंगवर येत नाहीत. उरले १३०.

२. हालचाल : चाक १०० मिलिमीटर उचललं तर शॉकअप किती दबतो? समजा ७०. म्हणजे गुणोत्तर ०.७. याचा वर्ग ०.४९. म्हणून ३० न्यूटन प्रति मिलिमीटरची स्प्रिंग चाकापाशी जेमतेम १५ ची ताकद देते. हा हिशोब भल्याभल्यांचा चुकतो! आपल्या १३० किलोला मात्र ही स्प्रिंग रस्त्यावरच्या स्पोर्ट्‌स कारसाठी ठीक बसते.

३. लांबी : शॉकअप पूर्ण उघडा आणि पूर्ण दबलेला, दोन्ही मापं घ्या. गाडी उभी असताना साधारण दोन तृतीयांश प्रवास दबायला शिल्लक हवा. टायर चेसिसला घासायच्या आत रबरी बंप स्टॉप लागला पाहिजे.

४. डॅम्पिंग : वजन स्प्रिंग पेलते, शॉकअपचं काम गाडीचं झुलणं थांबवायचं. म्हणून आधी स्प्रिंग ठरवा, मग तिला साजेसा शॉकअप. पहिल्यांदा ॲडजस्ट होणारा घ्या. सैल सेटिंगवर सुरू करा, एकेक क्लिक वाढवत ओळखीच्या रस्त्यावर सावकाश चालवून बघा.

आता तुमच्या धंद्याकडे वळा. रोजचा माल २० किलो आणि शेजाऱ्याचं बघून मशीन घेतली १०० किलोची, तर हप्ता १०० किलोचा आणि कमाई २० किलोची. धंदा पहिल्याच खड्ड्यात उडणार.

म्हणून दुकानात जायच्या आधी वही काढा. रोज माल किती, जागा किती, वीज किती, पुढे वाढवायची सोय आहे का, हे लिहा. आकडे तुमचे असले, की दुकानदार काय खपवतोय यापेक्षा तुम्हाला काय लागतंय ते कळतं.

चला, मोजायला लागा!