साडेचार मीटरची लाट

पावसाळ्यात वृत्तवाहिन्यांवर दर पंधरवड्याला एक बातमी हमखास झळकते : समुद्रात साडेचार मीटरच्या लाटा उसळणार. हा आकडा लाटेचा नसतोच. भरतीचे पाणी ठरावीक शून्यपातळीपासून किती वर चढेल, एवढेच तो सांगतो आणि भरती-ओहोटीच्या तक्त्यात कित्येक महिने आधीच छापलेला असतो. ठाणे पूर्वेला कोपरीलगतच्या चेंदणी कोळीवाड्यात या भरतीला उधाण म्हणतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग; त्यासाठी तिथे टीव्ही लावावा लागत नाही. धोका आहे तो वेगळाच. उधाण आणि मुसळधार पाऊस एका वेळी आले की नाल्यांचे पाणी खाडीत उतरत नाही, सखल वस्त्यांत तुंबून राहते. कोपरीतल्या रहिवाशाला उपयोगी पडते ती भरतीची वेळ. पडद्यावर मोठ्या अक्षरांत येते ती लाट.

‘ठाण्याला रेड अलर्ट’ ही अशीच एक अर्धवट बातमी. हवामान विभागाचा इशारा जिल्ह्यासाठी असतो आणि ठाणे जिल्हा खाडीपासून मुरबाडच्या पुढे माळशेज घाटापर्यंत पसरलेला आहे. २४ तासांत २०४.४ मिलिमीटरहून जास्त पाऊस म्हणजे अतिवृष्टीची वरची पायरी. ती ‘तुरळक ठिकाणी’ गाठली जाण्याची शक्यता असली, तरी नकाशावर सगळा जिल्हा लाल होतो. मथळ्यात ‘तुरळक ठिकाणी’ हे शब्द गळतात. त्यात शहराचे आणि जिल्ह्याचे नाव एकच, त्यामुळे घाटातला पाऊस थेट ठाणे स्टेशनवर येऊन कोसळतो. ढगफुटी हा शब्दही असाच स्वस्त झाला आहे. तासाभरात सुमारे १०० मिलिमीटर पाऊस लहानशा टापूत पडला तरच ती ढगफुटी.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तर त्याच मुंबईत कुलाब्याला ७५ मिलिमीटरही नाही. ठिकाणाचा तपशील किती महत्त्वाचा, याचा याहून मोठा दाखला नाही. पण त्या दिवसाची आठवण पुढे बहुधा ‘पुन्हा २६ जुलै?’ या प्रश्नचिन्हापुरतीच उरली.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले, तेव्हा कॅमेरे मुंबईच्या किनाऱ्यावर रोखलेले होते. वादळ दक्षिणेला अलिबागच्या खाली किनाऱ्यावर धडकले. ‘मुंबई बचावली’ असे मथळे आले. त्या वेळी श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झालेल्या होत्या आणि विजेचे खांब पडल्यामुळे तिथल्या घरांतले टीव्ही बंद होते.