मिरचीच्या पोटात काय भरायचं

वाळलेली लाल मिरची कानाशी धरून हलवली की खुळखुळ वाजते. बिया सुट्या झालेल्या असतात आणि आत त्यांना हिंडायला जागा असते. कैरी, आवळा, लिंबू यांच्या पोटात अशी मोकळी जागा नाही. आपल्या बरणीत जाणाऱ्या जिनसांमध्ये मिरची तेवढी पोकळ. म्हणूनच तिच्यात काहीतरी भरावं असं माणसाला जगभर सुचलं. पण भरलेली मिरची वर्षभर टिकवायची म्हटल्यावर याच पोकळीने सगळ्यांना छळलं. बाहेरून मीठ लावा, ऊन द्या, तेलात बुडवा. आत काय चाललंय ते दिसत नाही.

गेली पंधराएक वर्षं मी अशा मिरच्या घरी करतो आहे, जाईन तिथे चाखतो आहे, करणाऱ्यांना विचारतो आहे. त्यातून माझं एक मत पक्कं झालं. भरलेली मिरची टिकते ती तिच्या सारणाच्या जोरावर. सारण चवीसाठी असतं असं आपण धरून चालतो, पण ते आधी राखणीला बसवलेलं असतं.

मुळात मिरचीने आपली राखण स्वतःच केलेली असते. तिखटपणा बियांत नसतो. ज्या पांढऱ्या शिरेला बिया चिकटलेल्या असतात तिथे तो तयार होतो. बोलिव्हियातल्या रानमिरच्यांवरचा एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. तिथे किडे मिरचीला सोंड खुपसतात, त्या भोकातून बुरशी आत शिरते आणि बिया मारते. मिरची जितकी तिखट, तितकी ती या बुरशीला दाद देत नाही, असं संशोधकांना आढळलं. आपण मिरची भरताना करतो काय? चिरा देतो, म्हणजे किड्याने पाडलं असतं त्याहून कितीतरी मोठं भोक पाडतो, आणि ती शीर खरवडून टाकतो. पहारेकरी काढला, दारही उघडं टाकलं. मग त्याच्या जागी कुणाला तरी बसवणं आलंच.

आपल्याकडे तिथे मेथी बसते. सांडगी मिरची मी शिकलो ती सांगली जिल्ह्यातल्या मोठ्या मावशीकडून. होळी झाली की बाजारात पोपटी रंगाची, जाड सालीची, बोटभर लांब मिरची येते. फार तिखट नको, फार कोवळीही नको. मिरच्या धुऊन, एकेक पुसून, रात्रभर सावलीत फडक्यावर पसरायच्या. सकाळी एका बाजूने उभा चिरा द्यायचा, दोन्ही टोकांना पेरभर जागा सोडून, म्हणजे मिरची फाटत नाही. मेथी मंद भाजून भरड कुटायची. धने, जिरे, हिंग, हळद आणि हाताला जड वाटेल इतकं मीठ. हे सगळं आंबट दह्यात घट्ट कालवायचं. काहीजणी लिंबाच्या रसात कालवतात. पहिल्या वर्षी मी नीटनेटकं दिसावं म्हणून देठ खुडायला लागलो, तर मावशीने हात धरला. “देठ नको रे काढू. एक तोंड आपण उघडलंय तेवढं पुरे. दुसरं उघडलं की आतलं राहील का?”

भरलेल्या मिरच्या परातीत, चिरा वर करून, एक रात्र मुरतात. मग ऊन. कडकडीत ऊन असेल तर सहा-सात दिवस, रोज संध्याकाळी आत, रोज सकाळी बाहेर. हिरवा रंग आधी पिवळट होतो, मग फिका बदामी. साल सुरकुतते आणि सारणाला घट्ट लपेटते.

मेथीच का, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. मेथीदाण्यात चिकट द्रव्य असतं, ते पाणी ओढून घेऊन फुगतं. भिजवलेली मेथी बुळबुळीत होते ती त्यामुळेच. भाजून कुटलेली मेथी मिरचीच्या पोटात गेली की ती दह्याचं आणि मिरचीच्या गराचं पाणी धरून ठेवते, चिऱ्यातून ओघळू देत नाही. मीठ गरातलं पाणी बाहेर काढतं. दह्याचा आंबटपणा नको त्या जंतूंना थारा देत नाही. ऊन हळूहळू सगळंच पाणी नेतं. एक सुटलं तरी काम बिघडतं.

ते बिघडलेलं मी पाहिलंय. एका वर्षी तिसऱ्या दिवशी अवकाळी पाऊस आला. मी मिरच्या घरात आणल्या, दोन दिवस पंख्याखाली ठेवल्या, पुन्हा ऊन पडल्यावर दोन दिवस बाहेर काढल्या. साल हाताला कडकडीत लागली, मोडल्यावर तडकन मोडली, म्हणून डब्यात भरल्या. महिनाभराने दहीभातासोबत तळायला एक काढली आणि सवयीने चिरा उघडून पाहिला. सारणाच्या मधोमध करड्या-पांढऱ्या तंतूंचं जाळं. डब्यातली प्रत्येक मिरची उघडली. निम्म्याहून अधिक तशाच निघाल्या. सगळा डबा टाकून दिला. साल वाळली म्हणजे मिरची वाळली असं मी समजलो होतो. मावशी सालीकडे बघतही नाही. ती एक मिरची मोडते आणि सारण चिमटीत चुरडते. भुगा होऊन खाली पडलं तर वाळली, बोटाला चिकटलं तर नाही.

दक्षिणेत हाच मार्ग, पण सारणाशिवाय. तमिळनाडूत मोर मिळगाय, कर्नाटकात मज्जिगे मेणसिनकायी, आंध्रात चल्ल मिरपकायलु, केरळात कोंडाट्टम मुळकु. चिरा दिलेल्या मिरच्या रात्री मिठाच्या आंबट ताकात, दिवसा उन्हात, परत रात्री त्याच ताकात. ताक संपेपर्यंत हेच. पोकळी रिकामीच राहते, चिऱ्यातून ताक आत-बाहेर करतं आणि मीठ-आंबट थेट आतल्या भिंतीला लागतं. टिकवण्याच्या दृष्टीने ही आपल्यापेक्षा निर्धास्त रीत आहे, हे मान्य करायला हवं. पण तळलेली सांडगी मिरची दडप्या पोह्यांवर कुस्करली की तिच्यातून जो कडसर, खमंग भुगा सांडतो, तो ताकातल्या मिरचीत नाही.

उत्तरेकडे ऊन दुय्यम आणि तेल मुख्य. बनारसची भरवाँ लाल मिर्च थंडीत येते: अंगठ्याहून जाड, गडद लाल, चकचकीत. भौगोलिक मानांकन मिळालेली ही मिरची तिथल्या ब्रह्मा घाटाच्या बाजूला पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी घरांतही भरली जाते. तिला उभा चिरा नाही. देठ काढून वरून काडी घालतात, शीर आणि बिया ओढून काढतात आणि त्या बिया मसाल्यातच कुटून मिरचीला परत करतात. बडीशेप, मोहरी, मेथी, ओवा, कलौंजी, हिंग, मीठ आणि भरपूर आमचूर. मसाला बोटाने ठासून भरायचा, आत हवेला जागा ठेवायची नाही. मग मिरची मोहरीच्या तेलात बुडवून बरणीत. या सारणात मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो आमचूर. तेल नुसतं हवा अडवतं, जंतू मारत नाही. आंबटपणा आतूनच यायला हवा, तो आमचूर देतो. ओलावा लागला की कुटलेल्या मोहरीतला झोंबणारा अंश सुटतो, तोही जंतूंना आवरतो.

आंब्याचं नाव निघालंच आहे तर एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती फार थोड्यांना माहीत असते. मिरची अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर ती गोव्याच्या किनाऱ्याला लागली आणि आपली झाली. उलट दिशेने आपली भरली कैरी गेली. सतराव्या शतकात हिंदुस्थानातून इंग्लंडला मसाला भरलेल्या कैऱ्यांचं लोणचं जाऊ लागलं. ते लोकांना आवडलं, पण कैरी तिकडे उगवणार कुठून? मग जे पोकळ करता येईल ते भरायला सुरुवात झाली. जॉन एव्हलिन यांच्या १६९९ सालच्या ‘अॅसिटेरिया’ या पुस्तकात काकडीच्या ‘मँगो’ची कृती आहे: मोठी काकडी उघडायची, बिया काढायच्या, लसणाची पाकळी घालायची आणि व्हिनेगरमध्ये बुडवायची. इंग्रजीत ‘मँगो करणे’ असं क्रियापदच रूढ झालं. ही रीत अटलांटिक ओलांडून अमेरिकेत गेली. मेरी रँडॉल्फ यांच्या १८२४ सालच्या ‘द व्हर्जिनिया हाउसवाइफ’मध्ये खरबुजांच्या मँगोचं सारण आहे. पुढे तिकडे बिया काढून, कोबी आणि मोहरी भरून, व्हिनेगरमध्ये घातलेल्या मोठ्या मिरच्यांनाही ‘मँगो’च म्हणू लागले. ओहायो, इंडियाना, पेनसिल्व्हेनिया भागातली जुनी माणसं भोपळी मिरचीला ‘मँगो’ म्हणत आली आहेत, ती या लोणच्यामुळे. आपल्या भरल्या कैरीचं नाव मिरचीच्या माहेरी जाऊन मिरचीलाच लागलं!

तुर्कस्तानात अंतेपच्या बाजूला पोकळीचा प्रश्न मुळातूनच सोडवला आहे. मिरच्या पोखरून, दोऱ्यात ओवून, रिकाम्याच वाळवतात. भरायच्या त्या शिजवायच्या दिवशी.

खरी काळजी वाटते ती इटलीतल्या मिरच्यांची, आणि त्याच मला फार आवडतात. पिएमोंत आणि कालाब्रियात लाडवाएवढ्या गोल, लाल, तिखट मिरच्या पोखरतात, व्हिनेगर-पाण्यात उकळी आणतात, फडक्यावर उपड्या घालून रात्रभर निथळवतात. मग ट्यूना मासा, खारवलेली अँकोव्ही आणि केपर एकत्र करून भरतात आणि वरून ऑलिव्हचं तेल ओततात. साल आंबट झालेली असते, पण पोटात मासा. त्याला स्वतःचा आंबटपणा नाही, ओलावा आहे आणि तेलामुळे हवा बंद. बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूला राहायला याहून सोयीची जागा नसते.

हा जंतू एमिल व्हान एर्मेंगेम यांनी शोधला, तो अशाच एका विषबाधेचा तपास करताना. १८९५ साली बेल्जियममधल्या एलेझेल गावात अंत्ययात्रेला आलेल्या बँडवाल्यांनी हॅम खाल्लं, अनेकजण आजारी पडले आणि तिघे दगावले. डोळ्यांसमोर दोन-दोन दिसू लागतं, पापण्या पडतात, गिळता येत नाही, मग श्वास अडतो. विष बनलं तरी वास किंवा चव बदलेलच असं नाही, म्हणून चाखून पाहणं हा त्यावरचा उपाय नव्हे. मिरचीचा आणि या जंतूचा थेट संबंध १९७७ साली मिशिगनमधल्या पाँटिअॅक शहरात दिसला. एका उपाहारगृहात घरगुती पद्धतीने बाटलीबंद केलेल्या हालापेन्यो मिरच्या वाढल्या गेल्या आणि जवळपास साठ माणसं आजारी पडली.

उकळूनही असं का व्हावं? बाटलीबंद करण्याची कला निकोला अपेर यांनी फ्रान्समध्ये बसवली आणि १८१० साली त्यांना १२,००० फ्रँकचं सरकारी बक्षीस मिळालं. काचेच्या बाटलीत अन्न, वर घट्ट बूच, बाटली उकळत्या पाण्यात. पण या जंतूचे बीजाणू १०० अंशांना मरत नाहीत. त्यांना १२१ अंशांच्या आसपासची उष्णता लागते आणि ती दाबाखालच्या वाफेशिवाय मिळत नाही. किंवा मग आंबट लागतं: सामू ४.६ च्या खाली गेला की बीजाणू उगवतच नाहीत. ताजी मिरची या रेषेच्या वर असते. म्हणून अमेरिकेत घरी मिरच्या बाटलीत भरणाऱ्यांना निदान ५ टक्के आंबटपणाचं व्हिनेगर वापरायला, ते कृतीत सांगितल्याहून जास्त पातळ न करायला आणि अख्ख्या मिरचीला चिरे द्यायला सांगतात. चिरा नसला तर व्हिनेगर बाहेरच राहतं आणि मिरच्या आतल्या हवेने वर तरंगतात. मावशीचा चिरा तिथेही आहेच. उंचीचाही विचार करावा लागतो. महाबळेश्वरला पाणी साधारण ९५-९६ अंशांनाच उकळतं, त्यामुळे तिथे बाटल्या जास्त वेळ उकळाव्या लागतील.

हे सगळं इतक्या तपशिलाने लिहिण्याचं कारण आहे. हल्ली आपल्याकडेही चीज, पनीर, लसणाचा ठेचा भरून तेलात ठेवलेल्या मिरच्यांच्या बाटल्या घरोघरी होताना दिसतात. दिसायला देखण्या, भेट द्यायला छान. कृपा करून त्या बाहेर ओट्यावर ठेवू नका. फ्रिजमध्ये ठेवा आणि चार-पाच दिवसांत संपवा. त्या सारणात राखणीला बसेल असं काही नाही. मीठ, आमचूर, मोहरी, मेथी यांचं वजन ओळखूनच जुन्या बायकांनी प्रमाणं ठरवली. ‘मीठ जरा कमी करू’ म्हणून आपण त्यात हात घालतो, तेव्हा बरणीचं आयुष्य कमी करतो, हे निदान माहीत असावं.

उन्हाची सोय नसलेले आपले लोकही काही कमी खटपट करत नाहीत. न्यू जर्सीतला माझा मावसभाऊ सांडग्या मिरच्या विजेच्या वाळवणयंत्रात करतो. पहिल्या खेपेला त्याने उष्णता वाढवून एका रात्रीत काम उरकलं. साल कवचासारखी कडक झाली आणि सारण आत ओलंच राहिलं, माझ्या पावसातल्या मिरच्यांसारखं. आता तो मंद आचेवर दोन दिवस लावतो आणि मध्ये रात्रभर यंत्र बंद ठेवतो, म्हणजे आतला ओलावा सालीपर्यंत यायला वेळ मिळतो. मावशीच्या गच्चीवर रोज संध्याकाळी मिरच्या आत यायच्या, त्याने हेच साधत असे.

यंदा चैत्रात मावशीला गच्चीचा जिना चढवला नाही, म्हणून ती खाली पलंगावर बसली होती आणि मिरच्या मी बघत होतो. सहाव्या दिवशी एक मिरची घेऊन खाली आलो. तिने ती मोडली, सारण चिमटीत घेतलं, चुरडलं. बराचसा भुगा पदरावर पडला. उरलेला कण तिने अंगठ्याने बोटावर घासून पाहिला, आणि मोडकी मिरची माझ्या हातात परत ठेवली.

“अजून एक ऊन दे.”