हलक्या मशीनगनचे तापणे

दुचाकीवरून लांबचा पल्ला मारून उतरताना सायलेन्सरचा चटका बसला, की इंधनाची सगळी ऊर्जा चाकांपर्यंत पोहोचत नाही हे लक्षात येते. बंदुकीचेही तसेच. काडतुसातील दारूच्या ऊर्जेपैकी साधारण एक तृतीयांशच गोळीला वेग देते. उरलेली बरीचशी तप्त वायूंबरोबर बाहेर पडते किंवा नळीच्या पोलादात मुरते. एकेक गोळी झाडणाऱ्या रायफलीला हे सोसते. मशीनगनची नळी मात्र पाहता पाहता तापते. मग आतील आटे लवकर झिजतात, नेम ढळतो. फार तापलेल्या नळीतले काडतूस तर चाप न ओढताही उडू शकते.

पहिल्या महायुद्धातील व्हिकर्स मशीनगनमध्ये यावर पाण्याचा उपाय होता. नळीभोवतीच्या आवरणात सुमारे ४ लिटर पाणी असे. ते उकळून वाफ होताना उष्णता शोषून घेई. पण बंदूक, तिवई आणि पाणी यांचे मिळून वजन ४० किलोच्या आसपास जाई. ते घेऊन पायदळाबरोबर धावायचे कसे?

१९३०च्या दशकात ब्रिटनने स्वीकारलेली ‘ब्रेन’ हे या प्रश्नाचे एक उत्तर होते. चेकोस्लोव्हाकियातील ब्र्नो आणि ब्रिटनमधील एनफील्ड या गावांच्या नावांची आद्याक्षरे जोडून हे नाव तयार झाले. वजन सुमारे १० किलो, पुढे दोन पायांचा टेकू, वरून लावायचे ३० गोळ्यांचे वाकडे मॅगझिन. पाणी नाहीच. नळी तापली की खटका फिरवून ती काढायची आणि थंड नळी बसवायची. हात भाजू नये म्हणून नळीलाच मूठ. चाप सोडला की बोल्ट मागे अडकून राही. त्यामुळे तापल्या नळीत काडतूस पडून राहत नसे.

मात्र पाण्याचे काम आता माणसांवर आले. एक जवान गोळीबार करी. शेजारचा मॅगझिन बदली, जादा नळी वागवी. जलद गोळीबारात साधारण १० मॅगझिननंतर नळी बदलायची. ते काही क्षण बंदूक गप्प असे आणि पुढे सरकणाऱ्या साथीदारांचे संरक्षण तेवढ्यापुरते थांबे. म्हणूनच चाप दाबून न ठेवता एका वेळी चार-पाच गोळ्याच झाडण्याचे शिक्षण मिळे. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश आणि इटलीत लढलेल्या भारतीय पलटणींनी ही बंदूक अशीच चालवली.

पुढे ७.६२ मिमीच्या ब्रेनमध्ये नळीला आतून क्रोमियमचा मुलामा आला. नळी जास्त टिकू लागली. पण तापायची थांबली नाही. बंदूक हलकी झाली तरी उष्णता तेवढीच राहते. ती सांभाळण्याचा भार अखेर चाप ओढणाऱ्या बोटाच्या संयमावर येतो.