परीक्षकाच्या खुर्चीतला वादक

भिलाईच्या सेक्टर ६ मधील क्वार्टरांतून हार्मोनियम, तबला आणि अलीकडे विजेवर चालणारे कीबोर्ड पुष्कळ आढळतील. पियानो मात्र सहसा आढळणार नाही. तरीही ज्या सोव्हिएत देशाच्या साह्याने ही पोलादाची वसाहत उभी राहिली, त्याच देशाने विसाव्या शतकात पियानोवादनाला एका शिस्तबद्ध पेशाचे स्वरूप दिले, ही गोष्ट येथील रहिवाशाला कुतूहलाची वाटावी. कारखान्याचा करार १९५५ च्या फेब्रुवारीत झाला आणि पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी केले. या दोन तारखांच्या दरम्यान, १९५८ च्या वसंतात, मॉस्कोमध्ये चायकोव्स्कीच्या नावाने आंतरराष्ट्रीय स्पर्धा प्रथमच भरली, व शीतयुद्ध ऐन भरात असताना पियानोचे पहिले पारितोषिक टेक्सासमध्ये वाढलेल्या तेवीस वर्षांच्या व्हॅन क्लायबर्न या अमेरिकन तरुणाला मिळाले.

या निकालाची हकिकत सांगताना लोक राजकारणावर भर देतात. मला त्यातील गुरुपरंपरेचा धागा अधिक मोलाचा वाटतो. परीक्षक मंडळाचे अध्यक्ष एमिल गिलेल्स हे स्वतः सोव्हिएत संघातील अग्रगण्य वादक. त्यांच्या शेजारी स्व्यातोस्लाव रिख्टर, आणि या दोघांनाही मॉस्कोच्या संगीतशाळेत ज्यांनी शिकवले ते हाइनरिख नॉयहाउसही परीक्षकांतच होते. क्लायबर्न न्यूयॉर्कच्या जुलियार्डमध्ये शिकला खरा, परंतु त्याच्या गुरू रोझिना लेव्हिन या त्याच मॉस्कोच्या संगीतशाळेच्या सुवर्णपदकविजेत्या होत्या. म्हणजे परक्या मुलखातून आलेल्या त्या पोराच्या बोटांत परीक्षकांनी आपल्याच घराण्याची चाल ओळखली असेल, तर त्यात नवल ते काय?

पियानोवादकाच्या कारकिर्दीचे तीन व्यवसाय या एकाच सभागृहात एकत्र बसलेले दिसतात: मैफल गाजवणे, शिकवणे आणि न्यायनिवाडा करणे. हे तिन्ही एकाच माणसाने का करावेत, याचे पहिले उत्तर पोटापाण्याचे आहे. सतारिया आपले वाद्य काखोटीला मारून गाडीत बसतो. पण मैफलीचा पियानो सुमारे नऊ फूट लांब आणि जवळजवळ अर्धा टन वजनाचा असल्याने वादकाला गावोगावी तेथील सभागृहाच्या वाद्याशी काही तासांत जुळवून घ्यावे लागते, दीर्घ रचना मुखोद्गत करून त्या टिकवाव्या लागतात, कार्यक्रमाच्या तारखा बहुधा वर्षभर वा त्याहूनही आधी ठरतात, आणि बिदागी मात्र वाजवल्यानंतरच हाती पडते. हात दुखावला की सारेच थांबते. स्पर्धा जिंकणाऱ्याला काही वर्षे मैफली मिळतात, पण पुढील स्पर्धेचा विजेता येताच आयोजकांचे लक्ष तिकडे वळते. म्हणून शहाणा वादक एखाद्या संगीतशाळेत प्राध्यापकाचा हुद्दा पत्करतो, ज्याचा तनखा दरमहा ठरलेला असतो. परीक्षकपद त्यानंतर येते. त्याचा मेहनताना काही आयुष्यभर पुरणारा नसतो, परंतु त्या खुर्चीत बसलेल्याकडे शिकायला दूरदेशचे विद्यार्थी धाव घेतात, आणि त्यांतील एखादा पुढे स्पर्धेत उतरला की खुर्चीची खरी अडचण सुरू होते.

ही अडचण समजण्यासाठी वॉर्सात १९२७ पासून भरणाऱ्या शोपँ स्पर्धेकडे पाहावे. १९८० साली युगोस्लाव्हियाचा इव्हो पोगोरेलिच अंतिम फेरीच्या अलीकडेच वगळला गेला, तेव्हा १९६५ ची विजेती आणि आता परीक्षक असलेली मार्था अर्गेरिच हिने तो प्रतिभावंत असल्याचे जाहीर करून मंडळाचा राजीनामाच दिला. साऱ्या वृत्तपत्रांनी याच वादळाला जागा दिली, आणि त्या वर्षी प्रत्यक्ष जिंकलेला व्हिएतनामचा दांग थाय सोन, या स्पर्धेचा पहिला आशियाई विजेता, काही काळ जणू स्वतःच्याच विजयाच्या तळटिपेत राहिला. अमेरिकेशी चाललेल्या युद्धात हनोईची संगीतशाळा खेड्यात हलवावी लागली होती व तो तेथेच शिकत होता. एका सोव्हिएत वादकाने त्याचे गुण हेरले आणि त्यातून त्याला मॉस्कोची वाट मिळाली. पुढे तो कॅनडात स्थायिक होऊन नामांकित शिक्षक झाला, आणि २०२१ साली त्याच वॉर्सात तो परीक्षकांत बसला असताना त्याचाच शिष्य ब्रूस लिऊ पहिला आला. आपल्या शिष्याला गुण द्यायचे नाहीत असा तेथील नियम असतो, तो पाळलाही जातो. तरी सहकाऱ्याच्या शिष्याचे वादन ऐकताना इतर परीक्षकांच्या मनात काय चालते, याचा पंचनामा कोणत्याही नियमाला करता येत नाही. माझ्या मते उपाय म्हणून वादकांऐवजी निव्वळ पंडित नेमणे हे अधिकच वाईट ठरेल, कारण हाताने जे कधी केले नाही त्याच्या कठिणतेचे मोल कानाला पुरते कळत नाही.

आपल्याकडे याच खुर्चीचा ताप एका मराठी गायकाने सोसला, आणि त्याच्या कारकिर्दीचा एक टप्पा भिलाईपासून फार दूर नाही. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर हे भातखंड्यांचे शिष्य; बडोदे दरबारच्या शिष्यवृत्तीवर त्यांनी फैयाजखाँसाहेबांची तालीम घेतली, मैफली केल्या, आणि मग लखनौच्या मॉरिस कॉलेजचे प्राचार्यपद दीर्घकाळ सांभाळून के. जी. गिंडे, एस. सी. आर. भट, दिनकर कैकिणी, चिदानंद नगरकर यांसारखे शिष्य घडवले. १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाल्यावर आकाशवाणीवरील कलावंतांची रीतसर चाचणी घेऊन त्यांची श्रेणी ठरवण्याचा जो कारभार सुरू झाला, त्यात रातंजनकरांकडे प्रमुख जबाबदारी आली. ज्यांच्या मैफलींना गावे लोटत, अशांनाही परीक्षकांपुढे रुजू होण्याचे हुकूम सुटल्याने मोठा क्षोभ उसळला व कित्येकांनी चाचणीस नकार दिला. रागाची शास्त्रशुद्धता तपासणारा परीक्षक आणि रागाचा रंग जमवणारा गवई यांतील जुने भांडण यानिमित्ताने सरकारी दप्तरात दाखल झाले एवढेच. रातंजनकरांच्या सचोटीबद्दल मला शंका नाही. त्यांना किंमत मात्र अशी मोजावी लागली की आज त्यांचे नाव बंदिशकार, आचार्य आणि परीक्षक म्हणून घेतले जाते, आणि ते स्वतः गात असत याचे स्मरण जाणकारांपुरतेच उरले.

तेव्हाच्या दुर्ग जिल्ह्यातील खैरागढच्या राजदंपतीने दिवंगत कन्येच्या नावाने आपला राजवाडा दिला, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी तेथे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय सुरू झाले. त्या दशकाच्या अखेरीस रातंजनकर तेथे कुलगुरू होते. पुढे याच पदावर जे विमलेंदू मुखर्जी आले, ते भिलाई पोलाद कारखान्याचे वरिष्ठ अधिकारी आणि इमदादखानी बाजाचे सतारवादक. कारखान्याच्या पगारामुळे त्यांना शिकवणीवर गुजराण करावी लागली नाही, आणि हे स्वातंत्र्य आचार्याला किती मोठे बळ देते ते त्यांच्या घरातच दिसते. पुत्र बुधादित्य यांना त्यांनी स्वतः सतार शिकवली. त्याबरोबर या मुलाने रायपूरला धातुशास्त्राची अभियांत्रिकी पदवीही मिळवली. १९७० मध्ये दोन राष्ट्रीय स्पर्धा जिंकल्या, १९७५ मध्ये आकाशवाणीची ‘अ’ श्रेणी आणि १९८६ मध्ये सर्वोच्च श्रेणी मिळाली. म्हणजे ज्या चाचणीविरुद्ध आधीची पिढी खवळली होती, तिच्या पायऱ्या हा वादक बिनबोभाट चढून गेला. २०१९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

१९९५ मध्ये बुधादित्य यांनी नेदरलंड्समधील रॉटरडॅमच्या संगीतशाळेत सतार शिकवली. युरोपातील पियानोवादकाला ज्या प्रकारच्या संस्था म्हातारपणापर्यंत पगार देऊन सांभाळतात, त्यांपैकीच ती एक. भिलाईच्या क्वार्टरांतून निघालेल्या सतारियाला तिने काही काळ शिक्षकाची जागा दिली, आणि मैफलींसाठी तो पुन्हा भारतात परतला.