लुंबिनीला जाताना मोबाइलचा भुर्दंड टाळूया

लुंबिनी नेपाळमध्ये आहे. कुशीनगरहून निघालेली आपली बस सोनौलीची सीमा ओलांडते आणि मोबाइल नेपाळी नेटवर्क पकडतो. भारतातला नेहमीचा रिचार्ज तिथे चालत नाही. रोमिंग चालू असेल आणि पॅक नसेल, तर आलेला फोन उचलला तरी पैसे कापले जातात. इंटरनेट तर फारच महाग पडते. पै-पै साठवून धम्मयात्रेला निघालेल्या आपल्या माणसांना हे परवडणारे नाही.

म्हणून आपण तरुणांनी सीमेआधीच बसमधल्या प्रत्येक ज्येष्ठाच्या मोबाइलचे डेटा रोमिंग बंद करून द्यावे. एका दिवसाचा मुक्काम असेल तर मुक्कामाच्या वायफायवरून व्हॉट्सअॅप कॉल पुरतो. जास्त दिवस असतील तर रोमिंग पॅक आधीच घ्यावा, नाहीतर ओळखपत्र देऊन नेपाळी सिम घ्यावे.